पाहुण्याला प्रश्न विचारता येतो का?

"ओबामा येऊन राहिले ना संसदेत? तं त्याइले एक प्रश्न विचाराचा आहे मले. कसा विचाराचा, ते पाहून ठेव."

एवढं सांगून भाऊ, म्हणजे आमचे खासदार, मतदारसंघाकडे निघून गेले. 2010 च्या ऑक्टोबरचे शेवटचे दिवस होते. कायद्याची पदवी घेऊन मी अमरावतीहून नुकतीच दिल्लीत आले होते. नॉर्थ अव्हेन्यूवरच्या खासदारांच्या फ्लॅटमधली पुढची खोली म्हणजे आमचं कार्यालय. तिथे एक संगणक, एक फॅक्स, निवेदनांचे गठ्ठे आणि दिल्लीतच केस पांढरे झालेले पीए काका. प्रश्नांचे मसुदे करायचे, भाषणांसाठी आकडे काढायचे, हे माझं काम. संसद मी तोवर फक्त परीक्षेच्या पेपरात लिहिली होती.

भाऊंचा प्रश्न कापसाचा होता. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरघोस अनुदान देते, त्यामुळे जगाच्या बाजारात भाव दबतो आणि त्याचा मार यवतमाळ-वाशीमच्या शेतकऱ्याला बसतो. याच मुद्द्यावर ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध जिंकला होता. 2010 मध्येच अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला 14 कोटी 73 लाख डॉलर देण्याचं कबूलही केलं होतं. भाऊंचं म्हणणं एवढंच की, ब्राझीलला देता, मग विदर्भाने काय घोडं मारलंय? त्या हंगामात कापसाचे भाव चढे होते, हे मी त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यावर ते म्हणाले, "यंदा पाऊस चांगला झाला म्हणून कोनी विहीर बुजवते काय?"

म्हणजे प्रश्न तयार होता. तो विचारायचा कसा, एवढंच शोधायचं होतं. अध्यक्षांकडे लेखी सूचना द्यायची, ऐनवेळी हात वर करायचा, की आधी पक्षाच्या प्रतोदांना गाठायचं? संध्याकाळपर्यंत टिपण तयार होईल, असा माझा अंदाज होता.

सुरुवात अर्थातच राज्यघटनेपासून केली. अनुच्छेद 86 म्हणतो की राष्ट्रपती संसदेपुढे अभिभाषण करू शकतात. 87 म्हणतो की सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या आणि दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी त्यांनी ते करायचंच. 88 प्रमाणे मंत्र्यांना आणि महान्यायवादींना दोन्ही सभागृहांत बोलता येतं. 108 मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक आहे. पण ती एखाद्या विधेयकावर दोघांचं जमत नसेल तेव्हाची. हुंडाबंदीचं विधेयक 1961 मध्ये तिथे गेलं होतं, दहशतवादविरोधी 'पोटा'चं 2002 मध्ये. परदेशी पाहुणा मात्र कुठेच सापडेना. राष्ट्राध्यक्ष नाही, पंतप्रधान नाही, कुणीही नाही. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांचं पुस्तक काढलं. त्यात सदस्य आहेत, मंत्री आहेत, गॅलरीत बसणारे बाहेरचे लोक आहेत आणि गरज पडल्यास त्यांना बाहेर काढण्याची तरतूदही आहे. पण बाहेरच्या माणसाने आत उभं राहून भाषण करायचं आणि सगळ्या सदस्यांनी ते ऐकायचं, याबद्दल अक्षर नाही.

वर्तमानपत्रांत तर रोज छापून येत होतं की ओबामा संसदेच्या संयुक्त अधिवेशनापुढे बोलणार. मी 108 पुन्हा वाचला. विधेयक कुठलं? मतभेद कशावरचा? काही जुळेना.

काका हे सगळं चष्म्यावरून पाहत होते. शेवटी त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातून 'बुलेटिन पार्ट टू' काढून माझ्यापुढे ठेवलं. लोकसभा सचिवालयाकडून सदस्यांना येणाऱ्या सूचनांचं हे पत्रक. काका म्हणाले, "तारीख पाहा, पोरी. भाषणाची आणि अधिवेशनाची."

भाषण सोमवारी, 8 नोव्हेंबरला, सेंट्रल हॉलमध्ये. हिवाळी अधिवेशन सुरू होणार मंगळवारी, 9 नोव्हेंबरला.

म्हणजे भाषणाच्या दिवशी अधिवेशनच नाही! मग ओबामा बोलणार कुणापुढे?

"सदस्यांपुढे," काका म्हणाले. "त्या दिवशी लोकसभा बसत नाही, राज्यसभाही बसत नाही. फक्त सदस्य बसतात. इकडे उपराष्ट्रपती, तिकडे लोकसभा अध्यक्ष, समोर खासदार, सगळं संसदेसारखंच दिसते. पण कोरम नाही, कार्यक्रमपत्रिका नाही, हरकतीचा मुद्दा नाही. प्रश्न तं नाहीच नाही."

हे कळल्यावर बऱ्याच गोष्टी जागेवर बसल्या, आणि काही नव्याने उखडल्या. राष्ट्रपतींच्या अभिभाषणावर पुढे आभाराचा प्रस्ताव येतो, त्यावर दिवसचे दिवस चर्चा होते, विरोधक दुरुस्त्या मांडतात, पंतप्रधानांना उत्तर द्यावं लागतं. म्हणजे आपल्या राष्ट्रपतींच्या भाषणाची चिरफाड करता येते. पण परदेशी पाहुण्याचं भाषण ऐकायचं, टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचं. भाऊंना हे सांगायचं कसं? मी टिपणावर एकच ओळ लिहिली: 'प्रश्न विचारण्याची तरतूद नाही.' भाऊंचा फोन आला. "तरतूद नाही, तं मनाई आहे काय?" मनाईही नव्हती. जिथे नियमच नाही, तिथे मनाई तरी कुठून येणार? मी पुन्हा शोधायला बसले.

या वेळी मी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. प्रश्न विचारता येत नसेल, तर निदान ज्याने बोलावलं त्याला तरी विचारावं की आमचा मुद्दा पाहुण्यांच्या कानावर घाला. पण बोलावलं कुणी? आपल्याकडे लग्नपत्रिकेवर निमंत्रक म्हणून कुणाचं नाव छापायचं यावरून घराघरांत रुसवेफुगवे होतात. इथे तर निमंत्रक कोण, हेच मला धड सांगता येईना. दौरा ठरवतं सरकार. परराष्ट्र मंत्रालय आणि पाहुण्यांचा दूतावास मिळून दिवस-वेळ बसवतात. संसदेत भाषण व्हावं ही इच्छाही बहुधा सरकारचीच. पण सेंट्रल हॉल सरकारच्या मालकीचा नाही. तिथले यजमान म्हणजे राज्यसभेचे सभापती या नात्याने उपराष्ट्रपती आणि लोकसभेचे अध्यक्ष. तेव्हा हे यजमान होते हमीद अन्सारी आणि मीरा कुमार. म्हणजे इच्छा एकाची, घर दुसऱ्याचं, आणि पंगतीला बसायचं तिसऱ्यांनी.

"आणि हे तिघं वेगवेगळ्या मताचे असले तर?" मी विचारलं.

काका हसले. "2006 मध्ये तेच झालं."

जॉर्ज बुश 2006 च्या मार्चमध्ये दिल्लीत आले होते. अणुकराराचा पाया त्याच भेटीत पक्का झाला. सरकार मनमोहनसिंगांचंच होतं, पण ते डाव्या पक्षांच्या साठेक खासदारांच्या पाठिंब्यावर उभं होतं. इराक युद्ध पेटलेलं होतं आणि डाव्यांचा बुश यांना कडाडून विरोध होता. त्यात लोकसभेचे अध्यक्ष सोमनाथ चटर्जी. तेही मार्क्सवादी पक्षाचे. बुश सेंट्रल हॉलमध्ये बोलले असते तर बरीच बाकं रिकामी दिसली असती, नाहीतर घोषणा ऐकू आल्या असत्या. बुश यांचं जाहीर भाषण झालं ते पुराना किल्ल्यावर, निमंत्रितांपुढे. किल्ल्याला लागून दिल्लीचं प्राणिसंग्रहालय आहे, त्यावरून तेव्हा दिल्लीत भरपूर विनोद झाले.

मी कागदावर यादी मांडली. आयझेनहॉवर, 10 डिसेंबर 1959, संसदेत. निक्सन 1969 मध्ये आले, संसदेत बोलले नाहीत. कार्टर, 2 जानेवारी 1978, संसदेत. आणीबाणी उठून नवं सरकार आलं होतं. क्लिंटन, 22 मार्च 2000, संसदेत. पोखरणच्या चाचण्यांनंतरचा ताण निवळत होता. बुश 2006, किल्ल्यावर. आणि आता ओबामा. दुसऱ्या बाजूला 1955 मध्ये बुल्गानिन-ख्रुश्चेव्ह, 1986 मध्ये गोर्बाचेव्ह. ही यादी नियमाच्या पुस्तकात कुठेच नव्हती. पण कुठलाही नियम सांगणार नाही ते तिने मला सांगितलं. पाहुण्याच्या हुद्द्यावरून सेंट्रल हॉल मिळत नाही. त्या वेळी दिल्लीत कुणाचं बळ किती आहे, त्यावरून मिळतो. 2010 मध्ये सरकारला डाव्यांच्या आधाराची गरज उरली नव्हती. तेवढ्या एका फरकाने बुश यांना न मिळालेला दरवाजा ओबामांसाठी उघडला.

भाऊ दिल्लीत परतले तेव्हा माझं टिपण चार पानांचं झालं होतं. त्यांनी ते उभ्याउभ्या चाळलं. "हे सगळं ठीक. पन मधातच उभं राहून मी इचारलं, तं का होईल?"

याचं उत्तर तोवर मला सापडलं होतं. ऑस्ट्रेलियात 23 ऑक्टोबर 2003 रोजी बुश संसदेत बोलत असताना ग्रीन पक्षाचे दोन सिनेटर, बॉब ब्राऊन आणि केरी नेटल, मध्येच बोलले होते. सभाध्यक्षांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं. ते गेले नाहीत. दुसऱ्याच दिवशी चीनचे हू जिंताओ तिथे बोलणार होते; त्या भाषणाला या दोघांना प्रवेश मिळाला नाही. नंतर वेगळाच वाद उभा राहिला. प्रतिनिधीगृहाच्या अध्यक्षांना सिनेटच्या सदस्यांवर कारवाई करण्याचा अधिकार आहे का? दोन सभागृहं एकत्र बसवली की शिस्त कुणी लावायची? पुढच्या पाहुण्यांच्या वेळी तिथली पद्धतच बदलली. सिनेटर पाहुणे म्हणून येऊन बसू लागले.

भाऊंनी ऐकून घेतलं. "म्हंजे नाव त्याइचं झालं, पन उत्तर काही भेटलं नाही."

"नाही भेटलं," मी म्हटलं.

"मग का फायदा?"

त्यावर काकांनी व्यवहाराचा सल्ला दिला. 2000 साली क्लिंटन यांचं भाषण संपल्यावर हस्तांदोलनासाठी खासदारांची झुंबड उडाली होती. काहींनी बाकं ओलांडली होती. तेव्हा मधल्या वाटेच्या कडेची जागा धरायची. पाहुणे जाताना हात पुढे करायचा आणि दोन वाक्यांत कापूस सांगायचा. भाऊंनी मला ती दोन वाक्यं इंग्रजीत लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिली, त्यांनी ती पाठ केली. हे करताना मला सारखं वाटत होतं की लाखो मतदारांचा प्रतिनिधी आपल्या शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं मांडायला वाटेच्या कडेची खुर्ची शोधतोय, आणि हे कुणालाच विचित्र वाटत नाही.

तो आठवडा महाराष्ट्राच्या खासदारांसाठी आधीच धामधुमीचा होता. 'आदर्श' सोसायटीच्या प्रकरणात मुख्यमंत्री अशोक चव्हाण राहणार की जाणार, यावर फोन वाजायचे थांबत नव्हते. त्यात दिवाळी. 6 नोव्हेंबरला ओबामा मुंबईत उतरले, 26/11 ला हल्ला झालेल्या ताजमध्येच राहिले, मणिभवनात गेले. भाऊबीजेच्या दिवशी सेंट झेवियर्समध्ये विद्यार्थ्यांशी बोलले आणि मग दिल्लीत आले. झेवियर्समधल्या विद्यार्थ्यांनी त्यांना पाकिस्तानबद्दल थेट विचारलं. मी टीव्हीवर पाहत होते. कॉलेजातल्या मुलामुलींना राष्ट्राध्यक्षांना प्रश्न विचारता येतो आणि खासदाराला येत नाही, हे मी कुठल्या टिपणात लिहिणार?

8 तारखेला आम्हा खासगी कर्मचाऱ्यांना संसदेच्या आवारात मज्जाव होता. भाऊ दुपारीच बंदगळा घालून गेले. काका, भाऊंचा चालक आणि मी कार्यालयातल्या टीव्हीपुढे बसलो. सेंट्रल हॉलचा तो घुमट, भिंतींवरची तैलचित्रं, खचाखच भरलेली बाकं. घटना समिती 1946 पासून इथेच बसली. 14 ऑगस्टच्या मध्यरात्रीचं नेहरूंचं भाषणही इथलंच. समोर टेलिप्रॉम्प्टरच्या काचा लावलेल्या दिसत होत्या. त्या सभागृहाने असं यंत्र पूर्वी पाहिलं नव्हतं, म्हणून दिवसभर वाहिन्यांवर त्याचीच चर्चा चालली होती.

भाषण सुरेख होतं, यात शंका नाही. गांधीजी नसते तर कदाचित आपण इथे राष्ट्राध्यक्ष म्हणून उभे नसतो, असं ओबामा म्हणाले. दलित समाजातून वर आलेल्या डॉ. आंबेडकरांनी सर्व भारतीयांच्या हक्कांची राज्यघटना लिहिली, हे त्यांनी सांगितलं तेव्हा काकांनी नकळत हात जोडले. विवेकानंद आले, शिकागो आलं. पाकिस्तानातल्या दहशतवाद्यांच्या आश्रयस्थानांवर ते बोलले तेव्हा टाळ्या. सुधारलेल्या सुरक्षा परिषदेत भारत कायम सदस्य असावा, असं म्हणाले तेव्हा तर बाकं वाजत राहिली. आणि मग, त्याच गोड आवाजात, त्यांनी भारताला एक चिमटा काढला. ब्रह्मदेशात लोकशाहीची गळचेपी होत असताना आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर भारत अनेकदा गप्प राहतो, असं ते स्पष्ट म्हणाले.

मी कान टवकारले. आता कुणी काही बोलेल? कुणीच बोललं नाही. बोलायची सोयच नव्हती. या व्यवस्थेची दुसरी बाजू मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. प्रश्न विचारता येत नाही म्हणूनच पाहुण्याला असं अवघड वाक्य बोलता येतं. उत्तर यायचं असतं, तर त्यांच्या सल्लागारांनी ते वाक्य आधीच कापलं असतं आणि उरलं असतं फक्त गोड कौतुक. पाहुणचाराच्या रीतीत दोघांचीही थोडी सुटका आहे आणि थोडी कोंडीही. हे मान्य केलं, तरी कापूस कुठे होता? शेतीचा उल्लेख आला तो नव्या, सदाहरित क्रांतीसाठी दोन्ही देशांनी मिळून काम करण्याचा. अनुदानाचा शब्द नव्हता. शेवटी 'जय हिंद' झालं आणि वाहिन्या सुरक्षा परिषदेवर तुटून पडल्या.

भाऊ रात्री आले. त्यांना कडेची जागा मिळाली नव्हती.

"माणूस बोलते बाकी फक्कड," ते म्हणाले. थोड्या वेळाने, बूट काढता काढता: "पन माह्या प्रश्नाचं उत्तर त्याइनं कायले द्यावं? ते काही आपल्या मतावर निवडून आलेले नाहीत. उत्तर आपल्या सरकारनं द्यावं."

मला सुटकेचा श्वास टाकावासा वाटला, कारण याचा रस्ता नियमाच्या पुस्तकात होता. प्रश्न मंत्र्याला विचारायचा. वाणिज्य मंत्र्यांनी सांगावं की ब्राझीलने जे केलं ते भारताने का केलं नाही, आणि या दौऱ्यात हा विषय निघाला का. तारांकित प्रश्नाची सूचना, शिवाय नियम 377 खाली एक निवेदन. मी रात्रीच मसुदा करून ठेवला. पाहुण्यांच्या भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी खऱ्या संसदेचं काम सुरू होणार होतं, म्हणजे वेळही अचूक होती.

9 नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झालं आणि गोंधळात बंद पडलं. त्याच दिवशी मुंबईत अशोक चव्हाणांचा राजीनामा आला. पंतप्रधान कार्यालय आणि संसदीय कामकाज खात्यात राज्यमंत्री असलेले पृथ्वीराज चव्हाण दोन दिवसांत मुख्यमंत्री म्हणून मुंबईला रवाना झाले. दिल्लीत विरोधकांनी टू-जी स्पेक्ट्रम वाटपाप्रकरणी संयुक्त संसदीय समितीची मागणी लावून धरली, सरकारने ती नाकारली. सकाळी अकराला सभागृह भरायचं, दोन मिनिटांत तहकूब व्हायचं. 13 डिसेंबरला अधिवेशन संपलं, तोवर लोकसभेचं एकूण कामकाज काही तासांच्या पलीकडे गेलं नव्हतं. प्रश्नोत्तराचा तास म्हणजे तर नुसती छापील यादी. भाऊंना आपलं 377 चं निवेदन वाचायलाही मिळालं नाही. ते पटलावर ठेवल्याचं मानलं गेलं.

नवखी असल्यामुळे मी हे सगळं शब्दशः मनावर घेतलं. 8 तारखेला पूर्ण वेळ, पूर्ण हजेरी, पूर्ण शांतता. पाहुण्याने आपल्या लोकशाहीची तारीफ केली आणि आपण बाकं वाजवली. 9 तारखेपासून ज्याला उत्तर देणं बंधनकारक आहे त्याला विचारायची संधी आली, आणि तिथे आवाजच पोहोचेना. ज्या दिवशी प्रश्न विचारायची मुभा नव्हती त्या दिवशी सगळे ऐकायला तयार होते. ज्या दिवशी मुभा होती त्या दिवशी ऐकायला कुणी बसलं नव्हतं. विरोधकांची मागणी रास्त होती. पुढे 2011 मध्ये ती समिती नेमलीही गेली. तरी एका अधिवेशनाची किंमत कुणी मोजली, हे यवतमाळात विचारा.

त्यानंतर कुठल्याही देशाच्या संसदेत परदेशी नेता बोलणार अशी बातमी आली, की मी भाषणाच्या आधी निमंत्रक शोधायला लागते. 2015 मध्ये अमेरिकेत प्रतिनिधीगृहाचे सभापती जॉन बेनर यांनी व्हाइट हाऊसला न विचारता इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू यांना बोलावलं. नेतान्याहू काँग्रेसपुढे उभे राहून ओबामांच्याच इराण धोरणावर तुटून पडले. पन्नासहून अधिक डेमोक्रॅट सदस्य त्या दिवशी आलेच नाहीत. तिथे निमंत्रणाचा अधिकार सभागृहाचा आहे, सरकारचा नाही. आणि तो सरकारवर उगारताही येतो. ब्रिटनमध्ये 2017 च्या फेब्रुवारीत कॉमन्सचे सभापती जॉन बर्को यांनी आसनावरूनच सांगून टाकलं की ट्रम्प यांना वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये बोलावण्यास आपला विरोध आहे. त्या हॉलसाठी तिघांची संमती लागते, त्यातले एक लॉर्ड्सचे सभापती. त्यांना विचारलंच नव्हतं म्हणून ते नाराज झाले. कॅनडात 2023 मध्ये झेलेन्स्की यांच्या भाषणाच्या वेळी सभापतींनी गॅलरीत एका वृद्ध सैनिकाला बोलावून त्याचा गौरव केला. तो दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या तुकडीत लढला होता, हे नंतर उघड झालं आणि सभापतींना राजीनामा द्यावा लागला.

आपले पंतप्रधानही असे पाहुणे होत आलेत. नेहरू 1949 मध्ये अमेरिकेत प्रतिनिधीगृहात आणि सिनेटमध्ये स्वतंत्रपणे बोलले. मोदी 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या, आणि 2016 व 2023 मध्ये अमेरिकेच्या संसदेपुढे बोलले. 2023 मध्ये काही डेमोक्रॅट सदस्य गैरहजर राहिले, तेव्हा आपल्याकडे अनेकांना तो अपमान वाटला. मला भाऊ आठवले. पाहुण्याच्या भाषणाला सदस्याच्या हातात तीनच गोष्टी असतात. यायचं, न यायचं, किंवा येऊन टाळ्या न वाजवता बसायचं. त्यातली एक वापरली म्हणून कुणी उद्धट ठरत नाही.

2023 पासून आपली संसद नव्या इमारतीत भरते. तिथे सेंट्रल हॉल नाही. दोन्ही सभागृहांना एकत्र बसायचं तर लोकसभेच्याच सभागृहात 1,272 जागांची सोय आहे. जुनी इमारत आता संविधान सदन झाली आहे. म्हणजे पुढच्या पाहुण्याला नव्या इमारतीत बोलवायचं, तर जिथे एरवी मंत्र्यांना जाब विचारला जातो त्याच जागी तो उभा राहील. तेव्हा निमंत्रण कुणी द्यायचं, विरोधकांना आधी विचारायचं का, आणि पाहुण्याने मांडलेल्या मुद्द्यांवर नंतर सभागृहात चर्चा ठेवायची का, याची चार ओळींची रीत तरी लिहून ठेवायला हवी. राष्ट्रपतींच्या अभिभाषणावर चर्चा करून त्यांचा अवमान होत नसेल, तर परदेशी पाहुण्याचाही होणार नाही. पाहुण्याला प्रश्न विचारायला नको. तो गेल्यावर आपल्या सरकारला विचारता आला की पुरे.

वाचकांना एकच विनंती. असं भाषण पुन्हा होईल तेव्हा टाळ्या किती वेळा पडल्या ते मोजू नका. ते वाहिन्या मोजतीलच. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता टीव्ही लावा आणि प्रश्नोत्तराचा तास चालतो का, ते पाहा. आपल्या खासदाराला त्याच दिवशी फोन करून विचारा: "काल तुम्ही ऐकलंत, आज काय विचारलंत?"